दुसरी वायर जाते कुठं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वीस वर्षांत जे शब्द कुणाला न विचारता मराठीत येऊन बसले, त्यांत ‘सर्व्हर डाऊन’ या जोडीचा मान फार वरचा आहे. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा जुळत नाही, सर्व्हर डाऊन. खात्यावर पैसे आहेत पण निघत नाहीत, सर्व्हर डाऊन. डिजिटल सहीचा सात-बारा मिळायला लागला १ मे २०१८ पासून. तेव्हापासून शेतरस्त्यावरही हे दोन शब्द ऐकू येऊ लागले. माझी अम्मी शाळेची पायरी चढलेली नाही. पण रेशनहून रिकामी पिशवी घेऊन आली की म्हणते, “सर्व्हर डाऊन है.” जणू विहिरीचं पाणी खाली गेल्याची बातमी सांगते आहे. हा सर्व्हर असतो कुठं, असं विचारलं तर मात्र ती वर बोट दाखवते. शिकलेली माणसंही साधारण तिकडंच बघतात.

मी कवी माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. माझ्याकडून कवितेवर दोन शब्द ऐकायची आपल्याला सवय आहे. आज मी विजेवर बोलणार आहे. पोटासाठी मी लासूर स्टेशनला एका पतसंस्थेत नोकरी धरली आणि मराठी टायपिंग येतं एवढ्या भांडवलावर तिथल्या कॉम्प्युटरची खोली माझ्या वाट्याला आली. त्या खोलीत मी अर्धं आयुष्य काढलं आहे. कवितेच्या वहीत काय खोडलं ते मी विसरलो, पण त्या खोलीतली लाईट कधी कधी आणि कशी गेली, ते मला सनावळीसारखं पाठ आहे.

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूळ लासूर शिवना नदीच्या काठी, दाक्षायणी देवीचं. १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादच्या दिशेनं मीटरगेजचा रूळ पडला, आणि त्या रुळाच्या आधारानं जी वस्ती वाढली ते आमचं लासूर स्टेशन. तालुका गंगापूर. बाजार समिती आहे, कांदा येतो, कापूस येतो, मका येतो. ज्या गावात माल विकला जातो त्या गावात रोकड फिरते, आणि जिथं रोकड फिरते तिथं हिशेब लागतो. पूर्वी तो रोजकीर्दीत आणि खतावणीत असायचा. नंतर तो एका काळ्या पेटीत गेला. त्या पेटीला आम्ही सर्व्हर म्हणतो.

सर्व्हर हाही कॉम्प्युटरच. फरक इतकाच की तुमचा कॉम्प्युटर तुमच्यासाठी काम करतो आणि सर्व्हर इतर कॉम्प्युटरांसाठी. कॅशियरच्या टेबलावरचा पडदा नुसतं विचारतो, उत्तर पेटी देते. म्हणून ती निजत नाही. एक टेबल बंद पडलं तर एक रांग थांबते. पेटी बंद पडली तर संस्था थांबते.

आता या पेटीच्या पोटात शिरू. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, तीही सेकंदाला पन्नास हेलकावे खाणारी. सर्व्हरच्या नाजूक भागांना हवी असते बारा व्होल्टची, एका दिशेनं शांत वाहणारी. हे रूपांतर करणारा एक डबा असतो, त्याला पॉवर सप्लाय म्हणतात. भिंतीतली वीज तुटली तर या डब्यात साठलेल्या विजेवर सर्व्हर तग धरतो तो साधारण सेकंदाचा पन्नासावा भाग. पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो. लाईट गेल्यावर घरचा इन्व्हर्टर ‘टक्’ करून सुरू होतो ना, त्या ‘टक्’मध्ये पंख्याला काही कळत नाही, पण कॉम्प्युटर मात्र कित्येकदा मरून पुन्हा जन्मलेला असतो. म्हणून त्याला यूपीएस लागतो, जो बॅटरीवर इतक्या चपळाईनं जातो की डब्याला खंड जाणवत नाही.

हा पॉवर सप्लायचा डबा तापतो, त्यात पंखा असतो, धूळ जाते, आणि पेटीतल्या भागांपैकी जे लवकर मरतात त्यांत त्याचा नंबर वरचा लागतो. म्हणून चांगल्या सर्व्हरला असे दोन डबे असतात. दोन डबे, दोन वायरी, दोन पिना. एक गेला तर दुसरा लगेच सगळा भार घेतो, आणि मेलेला डबा सर्व्हर चालू असतानाच ड्रॉवरसारखा ओढून काढता येतो, नवा सरकवता येतो. ही सोय ज्यानं पहिल्यांदा केली असेल त्याच्या घरी नक्की दोन विहिरी असणार.

आमच्याकडे असा दोन डब्यांचा सर्व्हर आला तेव्हा लोडशेडिंगचा भर होता. २००५च्या जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं, आणि त्यानंतरची सात-आठ वर्षं आमच्या भागातल्या माणसाला घड्याळापेक्षा लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ होतं. दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसायची. दळण, पाणी, अभ्यास, सगळं त्या वेळापत्रकाभोवती फिरायचं. विक्रेत्याच्या माणसानं सर्व्हर बसवला, मागच्या वायरी भिंतीकडच्या कपाटात नेल्या, कपाटाला हमीचं स्टिकर लावलं आणि सांगितलं, “मुदतीत कुणी हात लावायचा नाही. दोन सप्लाय आहेत, चिंता सोडा.” आम्ही चिंता सोडली. संचालक मंडळानं पेढे वाटले.

२००९चा मे महिना. बाजाराचा दिवस. सकाळी साडेअकराच्या सुमाराला ठरल्या वेळेप्रमाणे लाईट गेली. यूपीएसनं दोनदा ‘टीं टीं’ केलं आणि तो गप्प झाला. आणि त्याच्याबरोबर सर्व्हरही गेला, दोन्ही डब्यांसकट.

काउंटरवर त्या वेळी एक मावशी उभ्या होत्या. शेळ्या विकून आलेले चौदा हजार रुपये त्यांनी नुकतेच भरले होते. मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं. पासबुकात शिक्का आणि सही झाली होती. अर्ध्या तासानं आम्ही कुणाचं तरी जनरेटर मागून आणून सर्व्हर उठवला, तेव्हा मावशींच्या खात्यात ते चौदा हजार नव्हते. सकाळपासूनच्या बऱ्याच नोंदी नव्हत्या, आणि काही अर्ध्याच होत्या. एका खात्यातून रक्कम वजा झालेली आणि दुसऱ्यात जमा व्हायची राहिलेली. चांगल्या प्रणाली अशी अर्धवट नोंद स्वतःच रद्द करतात. आमची त्या काळातली स्वस्तातली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. पासबुक छातीशी धरून भिंतीला टेकून बसल्या. कुणी चहा दिला, तो त्यांनी घेतला नाही. माणूस भांडला तर बरं वाटतं हो. न भांडणाऱ्या माणसाच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

त्या दिवशी संस्थेला वाचवलं ते आमच्या म्हाताऱ्या कॅशियरनं. संगणक येऊन वर्षं झाली तरी त्यांनी हातानं रोजकीर्द लिहायचं सोडलं नव्हतं. आम्ही पोरं त्यांना हसायचो. त्या वहीवरून आणि व्हाउचरांच्या गठ्ठ्यावरून रात्री नऊपर्यंत बसून आम्ही दीडशेवर नोंदी पुन्हा भरल्या. मावशींचे पैसे दुपारीच मार्गी लावले. वहीत त्यांचं नाव बाविसाव्या ओळीवर होतं.

संध्याकाळी मी आमच्या गावातल्या एका चाचांना बोलावलं. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. हातात टेस्टर, कानाला विडी. त्यांना मी मोठ्या तक्रारीनं सांगितलं, की चाचा, याला दोन-दोन सप्लाय आहेत, दोन-दोन वायरी आहेत, तरी हा बंद पडलाच कसा?

चाचा म्हणाले, “बेटा, वायरी दोन दिसत्यात. दुसरी वायर जाते कुठं?”

स्टिकर फाडून कपाट उघडलं. दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात गेल्या होत्या. बोर्ड एका यूपीएसमध्ये. यूपीएसच्या बॅटऱ्या तीन उन्हाळे खाल्लेल्या, फुगलेल्या. दोन डब्यांचे पैसे घेणाऱ्यानं दुसरी वायर पहिलीच्या शेजारी खोचून ठेवली होती.

मला वाटलं, सापडला रोग. चाचा मात्र थांबले नाहीत. कपाटापासून त्यांनी बोटानं वायर धरली आणि ते चालू लागले. मी मागोमाग. “समज, दुसरा यूपीएस घेतला. लावशील कुठं? ह्याच सॉकेटच्या लाईनवर. ह्याचा फ्यूज गेला तर?” मेन स्विचपाशी आले. “वेगळी लाईन ओढली. पण मेन स्विच एकच. हे जळलं तर?” बाहेर आलो. सर्व्हिस वायर, खांब. “बरं, दुसऱ्या फेजवर घेतलं. एक फेज गेली तरी दुसरी राहते. चांगलं. पण तिन्ही फेज येतात कुठून?” समोर डीपी होती. आमच्याकडे रोहित्राला कुणी रोहित्र म्हणत नाही, डीपी म्हणतात, आणि डीपी जळणं काय असतं ते खेड्यात राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डीपी जळली की गाव चार-आठ दिवस अंधारात, आणि वर्गणी काढून ट्रॅक्टरनं ती न्यायची-आणायची धावपळ. चाचा म्हणाले, “डीपीच्या पुढं सबस्टेशन. सबस्टेशनच्या पुढं माझी पोच नाही.”

श्रोतेहो, मी पुढे या विषयावर जे काही वाचलं, ते सगळं चाचांच्या त्या पन्नास पावलांच्या चालण्यात आलेलं होतं. अभियंते याला मोठी नावं देतात. आपल्या शेतकऱ्याला ते नावाशिवाय कळतं. एकाच बांधावर दहा हातांवर दोन बोअर घेतले तर ते दोन बोअर नसतात. खालचा झरा एकच असतो आणि दुष्काळात दोन्ही एकाच आठवड्यात आटतात. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना मी हे सांगायला नको.

चाचांचा आणखी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. लोडशेडिंगच्या काळात रमजान यायचा तेव्हा सहरीच्या वेळी, पहाटे, हमखास लाईट नसायची. मशिदीचा भोंगा गप्प. चाचांनी अॅम्प्लिफायरला ट्रॅक्टरची बॅटरी जोडून दिली. लोक खूश झाले. आमच्या मोहल्ल्यात एक फकीरबाबा पिढीजात सहरीला उठवत फिरायचे, हातात कंदील, दारावर काठीची टकटक. बॅटरी आल्यावर कुणी म्हणालं, आता यांना कशाला त्रास? चाचा म्हणाले, “भोंग्याला बॅटरी लावली म्हणून बाबाची फेरी बंद करू नका. बॅटरी आणि भोंगा एका वायरीत आहेत. बाबा कुठल्याच वायरीत नाहीत.” त्या वर्षी सत्ताविसाव्या रोज्याच्या पहाटे अॅम्प्लिफायर जळाला, बॅटरी ठणठणीत असताना. मोहल्ला उठला तो काठीच्या आवाजावर.

तर आमच्या संस्थेत पुढं काय झालं? संचालक मंडळापुढं मागणी गेली: दुसरा यूपीएस, वेगळ्या फेजवरून वेगळी लाईन, स्वतंत्र मेन स्विच, अर्थिंग नवं, आणि छोटं डिझेल जनरेटर. पहिला प्रश्न आला, “दोन-दोन कशाला?” दुसरा, “एवढ्या पैशात सभासदांना दिवाळीची भेट देता येते.” यात त्यांचं चुकत होतं असं नाही. बॅकअप ही अशी वस्तू आहे की ती उत्तम चालली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडण्यासाठी पैसे मंजूर करणं कुठल्याही मंडळाला जड जातं. ठराव तिसऱ्या सभेत झाला, तोही मावशींची हकिगत कुणीतरी उभं राहून सांगितली म्हणून.

ज्यांच्याकडे दोन यूपीएस घेण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी एक साधी जोडणी आहे. छोट्या कचेऱ्यांत ती पुष्कळ कामाला येते. सर्व्हरच्या दोन डब्यांपैकी एकाची पिन यूपीएसमध्ये लावायची आणि दुसऱ्याची थेट भिंतीत, पण मध्ये व्होल्टेजच्या उसळीपासून वाचवणारं साधन घालून. लाईट गेली तर यूपीएसवरचा डबा चालू राहतो. यूपीएस मेला तर भिंतीतला चालू राहतो. दोन्ही एकाच क्षणी गेले तरच सर्व्हर पडतो. आमच्या २००९च्या त्या सकाळी लाईट आणि यूपीएस एकदमच गेले, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण यूपीएस त्या दिवशी मेला नव्हता; तो कधीचाच मेला होता, फक्त लाईट असल्यामुळं कुणाला कळलं नव्हतं. त्यावर मी पुढे येतो. फेजांच्या बाबतीत मात्र एक इशारा: दोन वेगळ्या फेज शेजारी शेजारी आणल्या की त्यांच्यात ४०० व्होल्टचं अंतर असतं. हे काम हौशी माणसाचं नाही, जाणकाराकडूनच करून घ्यावं.

आणखी एक गोष्ट फार कमी जण पाळतात. दोघं मिळून ओझं उचलत असतील तर प्रत्येकाला एकट्यालाही ते सगळं उचलता आलं पाहिजे. दोन यूपीएस आहेत, दोन्ही निम्म्याहून कमी भारावर आहेत, तर ठीक. पण दोन्हींवर सत्तर-सत्तर टक्के भार चढला असेल, तर एक गेल्या क्षणी दुसऱ्यावर एकशे चाळीस टक्के येणार आणि तोही बसणार. म्हणजे दोन असूनही एकही नाही. आणि हा भार चढतो कसा? मोकळी जागा माणसाला बघवत नाही. आमच्या दुसऱ्या यूपीएसवर आधी झेरॉक्स मशीन आलं, मग एका उन्हाळ्यात कुणीतरी गुपचूप कूलर लावला. “निम्मा रिकामाच आहे की,” असं उत्तर मिळालं. रिकामा नव्हता तो, राखीव होता. एसटीतली राखीव जागा आणि रिकामी जागा यातला फरक आपल्याला कळतो, सॉकेटच्या बाबतीत कळत नाही. शेवटी मी त्या सॉकेटांवर लाल रंगानं ‘राखीव’ असं लिहिलं.

तुम्ही म्हणाल, हे खेड्यातलं रडगाणं झालं; मोठ्या ठिकाणी असं कसं होईल? १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. कळवा-पडघ्याच्या बाजूनं मुंबईला वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या, भार उरलेल्यांवर आला आणि त्यांनाही तो पेलला नाही. तोच सत्तर-सत्तरचा हिशेब, फक्त आकार मोठा. अशा वेळी बाहेरच्या जाळ्यापासून तुटून मुंबईनं स्वतःच्या वीजकेंद्रांवर उभं राहावं, अशी यंत्रणा तिथं १९८१ पासून आहे. त्या दिवशी तिला शहर सावरता आलं नाही. लोकल जागेवर थांबल्या, विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. मात्र शेअर बाजाराचे व्यवहार नेहमीसारखे चालू राहिले. वीज त्यांच्याही इमारतींची गेली असेल. पण त्यांची दुसरी वायर खरोखर दुसरीकडे जात होती.

न्यूयॉर्कची गोष्ट मला याहून आवडते. २९ ऑक्टोबर २०१२ला सँडी चक्रीवादळानं समुद्राचं पाणी शहरात घुसलं. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीत सतराव्या-अठराव्या मजल्याच्या उंचीवर सर्व्हर आणि त्यांचं जनरेटर होतं, पाण्यापासून सुरक्षित. अगदी शहाणपणानं बांधलेलं. पण जनरेटरला डिझेल वर चढवणारा पंप होता तळघरात. तळघर बुडालं, पंप गेला. जनरेटर वर ठणठणीत, डिझेल खाली, आणि मधे सतरा मजले. मग त्या कंपनीच्या आणि तिच्या ग्राहकांच्या माणसांनी जिन्यात रांग लावली आणि अंधारात हातोहात बादल्यांनी डिझेल वर नेलं. सर्व्हर बंद पडू दिला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला न्यूयॉर्क परकं वाटलं नाही. टँकर आल्यावर लागणारी रांग आम्ही पाहिलेली आहे. चाचा तिथं असते तर बोटानं पाइप धरत तळघरापर्यंत गेले असते.

आणि कधी कधी राखणदारच घर जाळतो. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन शहरातल्या सरकारी माहिती केंद्रात यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू होतं. त्यांतून आग लागली. सरकारच्या सहाशेहून अधिक सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ज्यात होत्या ती ८५८ टेराबाइटची साठवण जळाली, आणि तिची दुसरीकडे प्रत नव्हती. एवढी मोठी साठवण दुसरीकडे ठेवणं अवघड, म्हणून ठेवली नव्हती. सर्व्हरच्या रक्षणासाठी आणलेल्या बॅटऱ्या सर्व्हरच्या उशालाच होत्या. आमच्या कॅशियरची वही निदान वेगळ्या कपाटात असायची.

लाईट येतानाचा धोकाही सांगायला हवा. लाईट गेली की आमच्याकडे बाया आधी फ्रिजचं आणि टीव्हीचं बटन बंद करतात, कारण येताना ती कशी येईल याचा नेम नसतो. २७ मे २०१७ला ब्रिटिश एअरवेजच्या माहिती केंद्रात असंच झालं. वीज तोडली गेली, आणि मग ती ज्या बेशिस्तीनं पुन्हा जोडली गेली त्यानं यंत्रं जायबंदी झाली, असं त्यांच्या मूळ कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. पंच्याहत्तर हजार प्रवासी अडकले. एवढ्या मोठ्या कंपनीत बटन बंद करणारी एक बाई नव्हती.

आता त्या मेलेल्या यूपीएसकडे येतो. बॅटरीचं आयुष्य तापमानावर असतं. सीलबंद बॅटरीवर जी वर्षं लिहिलेली असतात ती वीस-पंचवीस अंश धरून. वर दर आठ-दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, असा साधा हिशेब आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसला जातो आणि कपाट बंद असतं. पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत संपली तर तिला दोष देऊ नये. शिवाय या बॅटऱ्या माळेत जोडलेल्या असतात. आठांतली एक गेली की उरलेल्या सात चांगल्या असून उपयोग नाही.

आणि ती गेली आहे हे कळणार कसं? लाईट गेल्याशिवाय कळत नाही. लोडशेडिंगच्या काळात आमच्या बॅटऱ्यांची परीक्षा रोज व्हायची. जी कच्ची असेल ती आठवड्यात उघडी पडायची. २००९ला ती उघडी पडायला नेमका बाजाराचा दिवस मिळाला, एवढंच. आता लासूर स्टेशनला लाईट बरी असते. मुंबईला जाणारी विजेवरची वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ पासून आमच्या रुळावरून धडधडत जाते. लाईट बरी झाली आणि बॅटऱ्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी विचारतो. महिन्याच्या एका रविवारी, कामकाज नसताना, सगळ्यांना सांगून, आदल्या दिवशीची प्रत बाजूला काढून मी एका यूपीएसची पिन भिंतीतून उपटतो आणि घड्याळ लावून बसतो. नंतर दुसऱ्याची. पंधरा मिनिटांच्या आत बॅटरी खाली आली तर तिची वेळ झाली. प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या रंगानं तारीख घातलेली आहे, कशी बैलाच्या शिंगाला खूण असते तशी.

आणि सगळंच संपत आलं तर? त्याचीही सोय असते, तीही फार कमी ठिकाणी लावलेली सापडते. यूपीएसमधून एक बारीक वायर सर्व्हरला जाते. बॅटरी शेवटच्या घटका मोजू लागली की यूपीएस त्या वायरीतून निरोप देतो, आणि सर्व्हर नवी नोंद घेणं थांबवून, हातातली पूर्ण करून, स्वतः नीट बंद होतो. रेल्वेत सिग्नलचा दिवा विझला तर ड्रायव्हरनं तो लालच समजून थांबायचं असतं, तसंच हे. गाडी उशिरा पोचेल, पण रुळावर राहील. २००९ला ती वायर जोडलेली असती, तर एवढं होऊनही मावशींची बाविसावी ओळ गेली नसती. पण बॅटरीनं दोन ‘टीं टीं’पुरता तरी श्वास धरायला हवा होता, हेही खरं.

आता काळ आणखी पुढं गेला आहे. आमच्यासारख्या बऱ्याच संस्थांचा सर्व्हर गावात राहिलेला नाही. तो कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या माहिती केंद्रात असतो. तिथं दोन-दोन पुरवठे, दोन-दोन जनरेटर, आणि एका शहरावर संकट आलं तर दुसऱ्या शहरात जुळं. आधारचंच घ्या, त्याची माहिती केंद्रं बंगळुरू आणि मानेसर अशी शेकडो कोस लांब आहेत. आमच्या संस्थेचा हिशेबही गेल्या काही वर्षांपासून असाच बाहेर राहतो. आता काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं जातं तेव्हा सर्व्हर बहुधा तिकडं ठणठणीत असतो. पडलेलं असतं ते आमच्या आणि त्याच्या मधलं काहीतरी: इंटरनेटचा डबा, त्याची छोटी बॅटरी, नाहीतर फायबरची वायर.

म्हणून आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट घेतलं. मंडळानं या वेळी पहिल्याच सभेत मंजुरी दिली. जोडणी झाली त्या संध्याकाळी मी दारात उभा राहून वर पाहिलं. चाचा आता हयात नाहीत, पण सवय लागून गेली आहे. दोन कंपन्यांच्या दोन काळ्या वायरी आमच्या भिंतीवरून निघून समोरच्या एकाच खांबाला, एकाच लोखंडी कड्याला गुंडाळलेल्या आहेत, आणि खांबाला खेटून एक जुना निंब आहे. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला मी म्हटलं, तुमची वायर मागच्या गल्लीतून आणा. त्यानं निंबाकडं पाहिलं, आभाळाकडं पाहिलं आणि पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. तोवर मी कॅशियरकडून हातानं रोजकीर्द लिहून घेतो आहे.